माझी आगबोट



गगनबावड्याच्या माणसानं आगबोटीवर बोलायला बसावं, याचं तुम्हांला हसू आलं तर मी राग मानणार नाही. आमच्याकडे पाण्याला तोटा नाही, पण ते सगळं वरून येतं. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस आमच्या तालुक्यात पडतो आणि चार महिने समोरचा माणूस धुक्यात ओळखू येत नाही. बोट चालेल असं पाणी मात्र इथं कुठं नाही. तरीही गावाच्या पश्चिमेला थोडं चालत गेलात की देश संपतो आणि पायाखाली कोकण दिसायला लागतं. करूळचा घाट उतरलात की वैभववाडी, पुढं खारेपाटण. खारेपाटणाला वाघोटणच्या खाडीचं पाणी लागतं आणि खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. १८९१ साली कोल्हापूरला आगगाडी आली. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून अशाच घाटवाटांनी बंदराकडे उतरायचा. गूळ, तंबाखू खाली जायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. तेव्हा आमचा समुद्राशी काहीच संबंध नाही असं म्हणता येत नाही.

दुसराही एक संबंध आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातला सगळा कारभार ज्यांनी 'हुकूमतपनाह' म्हणून सांभाळला, ते हे रामचंद्रपंत. उतारवयात त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. राज्य कसं चालवावं याचा तो ग्रंथ आहे आणि त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

गेल्या पावसाळ्यात ते प्रकरण मी वर्गात वाचत होतो. अमात्य सांगतात, दर्याला उधाण येण्याच्या काही दिवस अगोदरच आरमार बंदरात आणावं, गलबतं वर ओढून झाकावी आणि छावणी करावी. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचा टेम्पो आहे, घाटानं माल नेतात. तो म्हणाला, "सर, गाडी उभी राहिली म्हणजे धंदा बसला. चार महिने गलबतं ओढून ठेवली तर खलाशांचे पगार कोण देणार?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिलं, पण घरी येईपर्यंत माझं मलाच ते पटेना. आजचं हे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे असं समजा.

त्यासाठी तुम्हांला एका लहानशा आगबोट कंपनीची हकीकत सांगायची आहे. कागदोपत्री तिचं नाव 'इंडियन को-ऑपरेटिव्ह' अशा शब्दांनी सुरू होणारं, लांबलचक आणि इंग्रजी होतं. पण कोकणच्या किनाऱ्यावर त्या नावानं तिला कोणी हाक मारली नाही. लोक म्हणायचे 'माझी आगबोट कंपनी'. नुसत्या या नावात सगळी गोष्ट आली. गोऱ्या मालकांच्या कंपन्या किनाऱ्यावर जम बसवून होत्या. स्वदेशीच्या चळवळीचं वारं आलं आणि आपल्या माणसांनी आपल्या पैशानं बोटी चालवायचं मनावर घेतलं. गिरणीत राबणारा चाकरमानी, त्याची गावाकडची बायको, म्हातारी आई, बोचकी, फणस, कोंबड्या, हेच त्या बोटीचं गिऱ्हाईक. बंदरातून पडावात बसायचं, हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं आणि शिडीवरून कोणीतरी हात देईल या भरवशावर पाऊल उचलायचं, असा तो प्रवास. बोटींची नावंही घरातली वाटावीत अशी: तुकाराम, रामदास, आणि ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट झेवियर, सेंट अँथनी. तुकारामाच्या नावाच्या बोटीत पाऊल टाकताना वारकऱ्यानं आधी हात जोडले असतील, यात मला तरी शंका नाही.

आता धंद्याच्या बाजूनं पाहा. अशा लहान कंपनीपाशी काय असतं? भांडवल थोडं, बोटी दोन-चार, त्याही पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आलेल्या. तिची खरी मालमत्ता म्हणजे लोकांच्या तोंडचा तो 'माझी' हा शब्द. मोठ्या कंपनीचं तिकीट माणूस स्वस्त पडतं म्हणून घेतो. हिचं तिकीट तो आपलं म्हणून घेतो. प्रचंड कंपन्यांसमोर लहान कंपन्या तग धरतात त्या या एका गोष्टीवर.

पण तेवढ्यावर किती काळ तग धरतात? इथं दक्षिणेतलं एक उदाहरण सांगतो, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत ते एका ओळीत उरकतात. तुतिकोरीनचे चिदंबरम पिल्लै हे लोकमान्य टिळकांना मानणारे वकील. त्यांनी १९०६ च्या ऑक्टोबरात स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. भांडवल दहा लाख रुपये, एकेक भाग पंचवीस रुपयांचा, म्हणजे सामान्य माणसालाही घेता यावा असा. पुढच्या वर्षी 'गॅलिया' आणि 'लावो' अशी दोन जहाजं आली आणि तुतिकोरीनहून कोलंबोला जाऊ लागली. समोर होती ब्रिटिश इंडिया कंपनी. तिनं भाडं उतरवलं. स्वदेशी कंपनीनंही उतरवलं. तिनं आणखी उतरवलं. शेवटी असं झालं म्हणतात की, फुकट बसा आणि वर छत्री घेऊन जा! ज्याची तिजोरी खोल त्यानं वर्षभर तोटा सोसायचा, आणि ज्याची उथळ तो बुडाला की भाडं पुन्हा पहिल्या जागी नेऊन ठेवायचं, असा हा डाव. त्यातच १९०८ साली पिल्लै तुरुंगात गेले. त्यांना शिक्षा झाली तो जुलै महिना, आणि त्याच महिन्यात टिळकांनाही शिक्षा झाली. १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली. लोकांचं प्रेम होतं, त्याग होता, सगळं होतं. फुकटच्या तिकिटासमोर वर्ष-दोन वर्षं उभं राहायला लागते ती शिल्लक मात्र नव्हती.

ही गोष्ट मनात ठेवूनच की काय कोण जाणे, आठ वर्षांनी आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी वेगळ्या तऱ्हेनं सुरुवात केली. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर त्यांनी १९१९ साली सिंदिया कंपनी उभी केली. आरंभी जहाज एकच, तेही जुनं, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेलं: 'लॉयल्टी'. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघालं आणि मालक स्वतः त्यावर बसून गेले. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याचसाठी. शाळांतून त्या दिवशी जहाजाची चित्रं काढतात, हे चांगलंच आहे. पण शिक्षकमित्रांनो, मुलांना पुढचंही सांगा. ते जहाज कंपनीला नफा देऊ शकलं नाही. १९२३ साली ते मोडीत विकावं लागलं. मालकांनी हट्ट सोडला, लंडनची वाट बाजूला ठेवली आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, ब्रह्मदेशाकडे मालाची ने-आण करणारी साधी जहाजं घेतली.

तिथंही दराची लढाई होतीच. आणखी एक युक्ती होती, ती व्यापाऱ्यांना ठाऊक असेल. वर्षभर माल आमच्याच जहाजानं पाठवाल तर भाड्यातला काही हिस्सा परत देऊ, पण तो आज नाही, काही महिन्यांनी. मध्येच एक पोतं जरी दुसऱ्याच्या जहाजात चढवलंत तरी सगळा हिस्सा बुडाला. म्हणजे गिऱ्हाईकाचेच पैसे अडकवून गिऱ्हाईक बांधून ठेवायचं. नव्या कंपनीचं जहाज रिकामं जाण्याला एवढं पुरे होतं.

१९२३ साली सिंदियानं प्रतिपक्षाशी दहा वर्षांचा करार केला. आम्ही पंचाहत्तर हजार टनांपलीकडे जहाजं वाढवणार नाही, उतारू नेणार नाही, असं कबूल केलं आणि बदल्यात जगायला जागा मिळवली. वालचंदांना तो रुचला नव्हता. मला विचाराल तर हा करार वाचताना अजून अंगावर काटा येतो. वाढणाऱ्या झाडानं आपण होऊन, मी एवढाच वाढेन, असं लिहून द्यावं, तसा तो आहे. पण मी त्यांना नावं ठेवणार नाही. चिदंबरम पिल्लैंची कंपनी पाच वर्षांत संपली. ही कंपनी दहा वर्षं मान खाली घालून जगली आणि ती वर्षं तिनं फुकट दवडली नाहीत. जहाजांचा घसारा बाजूला टाकला, आपल्या लोकांना दर्यावर्दीपणात तयार केलं, दिल्लीच्या कायदेमंडळात किनाऱ्याची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याची मागणी चालू ठेवली. १९३९ साली कोकणात बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी तिनं आपल्याकडे घेतली. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या कारखान्याचा पाया घातला आणि १४ मार्च १९४८ ला तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली, तेव्हा पंडित नेहरू हजर होते. शतक संपता संपता हीही कंपनी मावळली, तो भाग निराळा.

मघाशी मी घसारा म्हणालो. हा हिशेबातला शब्द आहे, पण शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. तुमचा बैल आज जोमात आहे. तो आठ-दहा वर्षांनी थकणार हे तुम्हांला ठाऊक असतं. म्हणून शहाणा माणूस गोठ्यात एक खोंड वाढवत असतो. त्या खोंडाची वैरण आजच्या पिकातून जाते आणि आज त्याचा काही उपयोग नसतो. बोटीचंही तसंच. खाऱ्या पाण्यात लोखंड रोज झिजतं. तळाला शिंपले-शेवाळ धरतं, बोट जड होते, कोळसा जास्त खाते. दरसाल तिला गोदीत नेऊन खरवडावं लागतं, रंगवावं लागतं, आणि त्या दिवसांत ती एक पैसा मिळवत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ती जाणारच. तेव्हा प्रत्येक तिकिटातले काही आणे पुढच्या बोटीचे असतात. लहान कंपनी अडचणीत आली की पहिल्यांदा हात घालते तो याच आण्यांत, कारण ते मागायला कोणी दारात येत नाही. वाण्याचं बिल आलं तर तो दारात बसतो. वीस वर्षांनंतरची बोट दारात येऊन बसत नाही.

आता पुन्हा आपल्या 'माझी आगबोट' कंपनीकडे येतो. तिच्या वाट्याला एक भयंकर दिवस आला होता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात तिच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. 'जयंती'वरचं कोणी वाचलं नाही. 'तुकाराम'वरचे पुष्कळसे हाती लागले. लोकांनी तो देवाचा कोप मानला, पण कंपनीला सोडलं नाही. ती पुढं वीस वर्षं चालली. इतका विश्वास लोकांनी आणखी कोणावर टाकला असेल असं मला वाटत नाही.

आणि मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता. आषाढ अमावास्येचे दिवस. सकाळी 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोट चांगल्या घडणीची होती, १९३६ साली इंग्लंडातल्या स्वॉन हंटरच्या कारखान्यात बांधलेली. रेवस काही लांब नाही, दीड-दोन तासांची वाट. सातशेच्या आसपास माणसं होती. बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ वारा-पाऊस उठला, बोटीत पाणी आलं, एका मोठ्या लाटेनं ती कलली, भेदरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जीव वाचवायचे पट्टे सगळ्यांना पुरतील इतके नव्हते. बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळं इतकी माणसं बुडत असताना मुंबईला पत्ताच नव्हता. पोहून काठाला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा, कित्येक तासांनी, बातमी कळली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी समुद्रात माणसं पाहिली, मचव्यातली मासळी पाण्यात ओतून दिली आणि त्या जागी माणसं भरून घेतली.

ही मासळी ओतून देण्याची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दिवसाची सगळी कमाई होती ती. त्यांनी कोणा भागीदाराला विचारलं नाही.

मी त्या बोटीच्या तांडेलाला किंवा मालकांना दोषी ठरवायला बसलेलो नाही. त्या काळी बंदराच्या तोंडाशीच असलेल्या या फेऱ्या पावसाळ्यातही चालायच्या. विजयदुर्ग, मालवणकडच्या बोटी तेवढ्या पावसाळ्यात बंद असत. मला बोलायचं आहे ते हिशेबाबद्दल. ज्या धंद्यात आजची फेरी झाली तरच आजचा पगार निघतो, त्या धंद्यात आकाश काळं झालेलं दिसत असूनही, बोट आज जाणार नाही, हे म्हणायला कोणाची जीभ उचलेल? धक्क्यावर उतारू ओरडत असतात, त्यांना घरी जायचं असतं. मालक हिशेब मागणार असतो. समोरच्या कंपनीची बोट सुटलेली असते. अशा वेळी सचोटी, माणुसकी हे शब्द कितीही मनापासून बोललेले असले तरी नांगर उचललाच जातो. नांगर खाली ठेवायचा तर त्या दिवसाचा खर्च आधीच कुठंतरी मांडून ठेवलेला हवा.

आणि इथंच मला आमच्या बावड्याच्या अमात्यांचं उत्तर सापडलं. वर्गात मी ते पान उलटून पुढं गेलो होतो. आरमाराच्या खर्चाबद्दल ते लिहितात, त्याचा आशय असा की, आरमाराला मुलखाच्या वसुलातून ठरलेली नेमणूक द्यावी. बंदरात जे उत्पन्न होईल त्यावर तुम्ही आपलं भागवा, असं कधी करू नये. का? कारण मग आरमाराचे लोक उत्पन्नासाठी व्यापाऱ्यांना छळतील, व्यापारी बंदर सोडून जातील आणि बंदरच राहणार नाही. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. गलबतं पावसाळ्यात ओढून ठेवा असं सांगणारा माणूस, ती ओढून ठेवल्यावर खलाशी काय खातील, हेही त्याच प्रकरणात सांगतो. नुसतं 'सावध राहा' म्हणून मोकळा होत नाही.

आणखी दोन गोष्टी त्या प्रकरणात आहेत. जहाजं फार थोरही बांधू नयेत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत. हे आजच्या कुठल्याही लहान कंपनीनं भिंतीवर लावावं. पहिल्याच नफ्यात मोठी बोट घेऊन कर्जात बुडालेल्या कंपन्या जगभर काही कमी नाहीत. दुसरी गोष्ट लाकडाची. सागवान वगैरे लागेल ते परवानगीनं तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. आरमार वाढवायचं होतं, शत्रू दारात होता, लाकडाची निकड होती, आणि तरी हा माणूस कोणा कुणब्याच्या परसातला फणस सांभाळतो आहे. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात मूल्यं आणि ध्येयं अशी पानंच्या पानं असतात. मला त्यात हा फणस कुठं दिसत नाही.

'रामदास' गेल्यानंतर उतारू बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचं झालं. पावसाळी वाहतुकीवर बंधनं आली. कोकणच्या बोटी पुढं सिंदियाकडून चौगुले कंपनीकडे गेल्या, नंतर मोगल लाईनकडे, आणि ऐंशीच्या दशकाअखेर त्या थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि वैभववाडीचा माणूस गाडीत बसून रात्रीत मुंबईला पोचू लागला. भाऊचा धक्का मात्र ओस पडला नाही. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी बोट सुरू झाली आहे. त्या वाटेवरून जाणाऱ्यांतल्या थोड्यांनाच 'माझी आगबोट' हे नाव ठाऊक असेल.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आमच्या घरी या, वही दाखवतो." मी गेलो. वडील ओटीवर बसले होते. दहावीपर्यंत शिकलेले, घाटात गाडी चालवण्यात पंचवीस वर्षं गेलेली. त्यांनी टेम्पोची वही पुढं केली. जुलैच्या पानावर तारखेपुढं पुष्कळ ठिकाणी एकच शब्द होता: 'उभी'. धुकं किंवा दरड असली की गाडी उभी. मी विचारलं, "दादा, या दिवसांचा बँकेचा हप्ता?" त्यांनी काही न बोलता पानं मागं उलटली आणि एप्रिल-मे काढले. त्या महिन्यांत दर फेरीच्या भाड्याखाली एक लहान रक्कम वेगळी टाकलेली होती आणि तिच्यापुढं तांबड्या पेनानं लिहिलं होतं, 'पावसाळा'.